उद्धव शेळके : गोष्टीवर जगलेला कादंबरीकार

हिंगणघाट हे वर्धा जिल्ह्यातील, वणा नदीकाठी वसलेले, कापसाच्या बाजारपेठेचे गाव. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गावात दोन मुले जन्माला आली. मुरलीधर देवीदास आमटे १९१४ मध्ये आणि उद्धव शेळके त्यानंतर सुमारे सोळा-सतरा वर्षांनी. त्यांपैकी एकाने महारोग्यांच्या सेवेला आयुष्य वाहिले आणि तो पुढे बाबा आमटे या नावाने सर्वत्र ओळखला गेला. दुसऱ्याने महारोग झालेल्या एका दरिद्री शिंप्याच्या घराची गोष्ट लिहिली. ती गोष्ट म्हणजे १९६० साली प्रसिद्ध झालेली 'धग' ही कादंबरी.

मराठी कादंबरीविषयी गांभीर्याने बोलणारा कोणीही 'धग'चे नाव टाळून पुढे जाऊ शकत नाही. मात्र तिच्या लेखकाविषयी बोलण्याची वेळ आली की आपल्या वाङ्मयव्यवहारात एक ठरलेला सूर लागतो. शेळके यांनी 'धग' लिहिली आणि त्यानंतर पोटासाठी भारंभार लिहून आपली प्रतिभा उधळून टाकली, असा तो सूर असतो. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या शंभराच्या आसपास सांगितली जाते आणि ती सांगताना बहुधा हळहळ व्यक्त केली जाते. या हळहळीत तथ्य नाही असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु एका लेखकाचे आयुष्य असे दोन तुकड्यांत कापून, एक तुकडा अभ्यासक्रमात आणि दुसरा अडगळीत टाकल्याने त्या लेखकाची ओळख पटत नाही, असे आम्हांस वाटते. 'धग' लिहिणारा आणि नंतरच्या कादंबऱ्या लिहिणारा माणूस एकच होता. त्याला गोष्ट सांगण्याची ओढ होती आणि त्या गोष्टीवरच त्याला घर चालवावयाचे होते. या दोन गोष्टींचा एकत्र विचार करण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम या भूमीचा विचार केला पाहिजे. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली आणि या मुलखातील कापसाला मुंबईच्या बंदराची वाट मोकळी झाली. हिंगणघाटच्या कापसाचे नाव तर त्याआधीपासूनच व्यापाऱ्यांच्या तोंडी होते. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, पुढे एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी कापडगिरण्याही आल्या. कापूस हे नगदी पीक असल्याने येथील कास्तकाराचे नशीब शेताइतकेच दूरच्या बाजारातील भावावर टांगलेले राहिले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा त्याची झळ या मुलखाला बसली. शेळके यांचा जन्म नेमका या काळातला. मालगुजार, सावकार, अडत्या, कास्तकार, सालदार, मजूर अशी उतरंड असलेल्या या समाजात त्यांचे बालपण गेले.

या उतरंडीत ग्रामीण साहित्याच्या नजरेतून बहुधा सुटून जाणारा एक वर्ग आहे. ज्याला शेत नाही आणि ज्याचा हुन्नर कोणाच्या तरी सुगीवर अवलंबून आहे, अशा कारागिरांचा हा वर्ग. पीक चांगले आले तर लोक कापड घेणार, कापड घेतले तर शिंप्याकडे येणार. पीक बुडाले की शिंप्याच्या घरातील चूल शेतकऱ्याच्या चुलीच्याही आधी थंड होते. 'धग'मधील कुटुंब अशा शिंप्याचे आहे. कापसाच्या मुलखात, कापड शिवणाऱ्याच्या घरी, अंगावर धड कपडा नसावा, ही विसंगती कादंबरीकाराने कोठेही बोट ठेवून दाखविलेली नाही. ती कथेच्या पोटातच आहे. 'ग्रामीण कादंबरी म्हणजे शेतकऱ्याची कादंबरी' या आपल्या सवयीच्या समजुतीला 'धग' नकळत छेद देते, हे तिचे एक मोठेच वैशिष्ट्य होय.

आता या मुलखातील कथनाच्या परंपरेकडे वळू. वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड लागते आणि तेथून काही कोसांवर मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे जाऊन, विचारून, पडताळून गोळा केल्या आणि त्यातून 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. मराठी गद्याचा पहिला थोर ग्रंथ हा अशा रीतीने सांगितलेल्या गोष्टींच्या संकलनातून जन्माला आला. चक्रधरांनी आपले तत्त्वज्ञान सांगताना साध्या दृष्टांतांचा आधार घेतला आणि केसोबासांनी पुढे ते दृष्टांत वेगळे एकत्र केले. म्हणजे अवघड ते गोष्टीतून सांगावयाचे, ही या मुलखाची रीत सात शतकांची आहे.

विसाव्या शतकात ही रीत आणखी दोन थोर पुरुषांनी जिवंत ठेवली. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेले संभाषण असे. ते प्रश्न विचारीत, समोरच्या माणसांकडून उत्तर वदवून घेत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढीत. तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर भजन गात गावेच्या गावे जागविली. त्यांचा गुरुकुंज मोझरीचा आश्रम वर्धा जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. याखेरीज श्रावणातील पोथी, दिवाळीनंतरची दंडार, खडी गंमत, गोंधळ्यांचे आख्यान, वासुदेवाची पहाट आणि या सर्वांहून जुनी अशी घराघरांतील म्हातारीची कहाणी होतीच. छापील पुस्तक ज्या घरात कधी शिरले नाही तेथेही गोष्ट शिरलेली होती.

शेळके यांच्या लेखनाचे मूळ या वातावरणात आहे असे आम्ही म्हणतो, तेव्हा त्यांनी अमुक कीर्तन ऐकले आणि तमुक कादंबरी लिहिली असा सरळ हिशेब आम्हांस अभिप्रेत नाही. त्यांच्या कथनाची चाल पाहावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. त्या काळी कथेच्या नव्या तंत्राची, संज्ञाप्रवाहाची, प्रतिमांची चर्चा मुंबई-पुण्याच्या नियतकालिकांतून जोरात चालू होती. शेळके यांच्या लेखनावर त्या चर्चेचे दडपण दिसत नाही. आधी काय झाले, मग काय झाले आणि त्याचे पुढे काय झाले, या क्रमाने ते सांगत जातात. मध्येच थांबून भाष्य करण्याचा मोह त्यांना होत नाही. ऐकणारा समोर बसला आहे आणि त्याला पुढचे कळावयास हवे आहे, या जाणिवेने केलेले हे कथन आहे. पार्श्वभूमीचे लांबलचक वर्णन करून मग माणसे आणण्याऐवजी ते माणसांना बोलावयास लावतात आणि त्या बोलण्यातून घर, गल्ली, गाव आपोआप उभे राहते.

'धग'ची कथा थोडक्यात सांगावयाची तर ती कौतिक नावाच्या एका बाईच्या न संपणाऱ्या धडपडीची कथा आहे. नवरा महादेव जातीने व धंद्याने शिंपी. तो वाईट माणूस नाही, पण कर्तबगारही नाही. कामात त्याचे मन टिकत नाही, जबाबदारी अंगावर आली की तो निसटू पाहतो आणि आपल्या नाकर्तेपणाची चीड बायकोवर काढतो. आपला संसार आपण उभा करावा या हिमतीने कौतिक सासरच्या गावातून बस्तान हलविते. त्यानंतर एक सावरावे तो दुसरे कोसळावे, असे तिचे आयुष्य होऊन जाते. थोरला मुलगा भीमा हातातून जातो. धाकटा नामा शाळेत हुशार आहे आणि तिची सारी आशा त्याच्यावर आहे. तशात नवऱ्याला महारोग होतो. कौतिक तरीही लढत राहते. अखेर तिच्या मनाचा तोल ढळतो आणि कादंबरी तेथे येऊन थांबते.

हे एवढेच वाचणाऱ्यास ही दुःखांची जंत्री वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात कादंबरी वाचताना तसे वाटत नाही आणि याचे कारण शेळके यांच्या कथनाच्या शिस्तीत आहे. कौतिकची दया यावी अशी त्यांची खटपट नाही. ती कष्टाळू आहे, तशीच तोंडाने फटकळ आहे. ती मानी आहे आणि पुष्कळदा हट्टीही आहे. मजुरीचा पैसा कोठे जातो, उधारी किती झाली, आज घरात काय शिजेल, उद्या काय, हे तिचे रोजचे हिशेब कादंबरीत इतक्या बारकाईने येतात की वाचकाला तिच्याविषयी उमाळा येण्यापूर्वी तिच्या हिशेबात भागीदार व्हावे लागते. दारिद्र्य म्हणजे काय, हे सांगण्यासाठी शेळके विशेषणे वापरीत नाहीत. ते आकडे, वस्तू आणि कामे सांगतात. एखाद्या संकटानंतर दुसरे लगेच येते तेव्हा ते लेखकाने आणलेले वाटत नाही, कारण पहिल्या संकटातून निघण्यासाठी जे करावे लागले त्यातच दुसऱ्याचे बीज असते. गरिबीची यंत्रणा अशीच चालते.

प्रेमचंदांच्या 'गोदान' (१९३६) मधील धनिया आणि 'धग'मधील कौतिक या दोघी एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. दोघी नवऱ्याहून कणखर आणि दोघी सरळ बोलणाऱ्या. पण धनियाभोवती जमीनदार, महाजन, शहरातील सुशिक्षित यांचे एक मोठे जग आहे आणि त्या जगावर कादंबरीकाराची स्वतंत्र नजर आहे. कौतिकभोवती शेळके यांनी असे मोठे जग उभे केलेले नाही. तिचे घर, कामाचे ठिकाण, शेजार, दवाखाना, शाळा एवढाच तिचा परीघ. राज्यकर्ते कोण, चळवळ कोणती, हे त्या परिघात जवळजवळ पोचत नाही. काही समीक्षकांना ही मर्यादा वाटू शकेल. आम्हांस ती कादंबरीची प्रामाणिकता वाटते. सकाळी कामाला गेल्याशिवाय संध्याकाळी भाकर नाही, अशा बाईच्या डोळ्यांना जेवढे दिसते तेवढेच येथे दिसते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'शी (१९५५) केलेली तुलनाही उद्बोधक ठरावी. 'बनगरवाडी' ही मराठीतील एक देखणी कादंबरी आहे. तिच्यातील धनगरांचे जग आपण गावात नव्याने आलेल्या शाळामास्तराच्या डोळ्यांनी पाहतो. तो हळूहळू गावाचा होतो, पण त्याच्याबरोबर बाहेरून आत जाण्याचा प्रवास वाचकालाही घडतो. 'धग'मध्ये असा कोणी मध्यस्थ नाही. वाचकाला हात धरून आत नेणारा, रीतिरिवाज समजावून सांगणारा, दुरून सौंदर्य टिपणारा डोळा तेथे नाही. पहिल्या पानापासून आपण आतच असतो. या दोन पद्धतींत उच्चनीच ठरविण्याचे कारण नाही. परंतु ग्रामीण जीवन 'दाखविण्याची' कादंबरी आणि ग्रामीण जीवनातून 'बोलणारी' कादंबरी, असा फरक मात्र त्यांच्यात आहे.

महारोगाच्या प्रश्नाकडे पाहिले म्हणजे 'धग'चे आणखी एक मोल ध्यानात येते. वर्धा जिल्ह्याचे नाव या रोगाशी इतिहासाने जोडलेले आहे. महात्मा गांधी १९३४ मध्ये वर्ध्यास आले आणि १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. तेथे त्यांनी परचुरे शास्त्रींची स्वहस्ते शुश्रूषा केली. १९३६ मध्येच मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधामाचे काम आरंभिले. १९४१ च्या आपल्या रचनात्मक कार्यक्रमात गांधीजींनी कुष्ठरोग्यांच्या सेवेला स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे काम वर्ध्यातून सुरू झाले आणि वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहू लागले. या रोगाविषयी देशाची दृष्टी बदलण्यात या परिसराचा वाटा फार मोठा आहे.

हा सारा इतिहास सेवा करणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेला आहे आणि तो तसा असणे स्वाभाविक आहे. सेवकांनी पत्रे लिहिली, अहवाल लिहिले, आठवणी लिहिल्या. ज्याच्या घरात हा रोग आला त्या घरातल्या बाईने मात्र काही लिहून ठेवले नाही. डॅप्सोनसारखी औषधे चाळिशीच्या दशकात आली खरी, पण ती खेड्यातील झोपडीपर्यंत पोचण्यास कित्येक वर्षे लागली. मधल्या काळात नवऱ्याच्या बोटांकडे पाहून बायकोला काय वाटले असेल? शेजाऱ्यांनी पाण्याची भांडी कशी वेगळी केली असतील? शाळेत त्या घरच्या पोराकडे कसे पाहिले गेले असेल? हे प्रश्न अहवालात सापडत नाहीत. त्यांची उत्तरे कादंबरीकाराकडे मागावी लागतात. हिंगणघाटच्या एका मुलाने या रोगाला आश्रमाचे दार उघडून दिले आणि त्याच गावच्या दुसऱ्या मुलाने त्या रोगाचे घर उघडून दाखविले. दोन्हींची गरज होती.

याच जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. भारतीय खेड्याविषयीचे एक उदात्त चित्र वर्ध्यातून सर्व देशभर गेले. चरखा, नई तालीम, ग्रामोद्योग, स्वावलंबी गाव या कल्पनांची प्रयोगशाळा येथे होती. त्या चित्राचे मोल कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु जे खेडे व्हावे असे वाटत होते त्याच्या बाजूला, जे खेडे होते त्याचेही चित्र कोणी तरी काढावयास हवे होते. 'धग'ने ते काम केले आणि तेही कोणत्याही विचाराचे खंडन करण्याच्या आवेशाशिवाय केले.

'धग'ची भाषा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे थोडेच सांगतो. कादंबरीचे निवेदन प्रमाण मराठीच्या जवळ राहते, संवाद मात्र वऱ्हाडीत येतात. 'मला-तुला'च्या जागी 'मले-तुले', 'का'च्या जागी 'काहून', 'डोळा'चा 'डोया', अशी ही बोली. वर्धा जिल्ह्यात तर वऱ्हाडी आणि नागपुरी यांची सरमिसळ होऊन 'करून राहिली', 'जाऊन राहिला' अशी रूपेही सहज कानी पडतात. ज्या काळात 'धग' आली त्या काळात ग्रामीण बोली साहित्यात आली की बहुधा हशा पिकविण्यासाठी येई. पुढे साठीच्या दशकात शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाने महाराष्ट्राला वेड लावले. त्या तिघांची थोरवी आम्ही मान्य करतो. तथापि शहरी श्रोत्यांच्या मनात गावरान बोली आणि विनोद यांची सांगड त्या काळात घट्ट झाली, हेही खरे.

शेळके यांची वऱ्हाडी हसविण्यासाठी येत नाही. कौतिक त्या बोलीत भांडते, हिशेब करते, पोराला जवळ घेते आणि त्याच बोलीत तिचे मन फाटते. बोलीतून शोकाचे सर्व चढउतार व्यक्त होऊ शकतात, याचा हा भक्कम पुरावा होता. 'धग' १९६० साली आली, म्हणजे १ मे रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्याच वर्षी. त्यापूर्वी १९५६ पर्यंत वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि येथील शिक्षित माणूस मराठी-हिंदीच्या दुभाषी वातावरणात वाढला होता. एक भाषा म्हणून एकत्र आलेल्या या नव्या राज्यात 'आमचीही मराठी मराठीच आहे' हे सांगण्यासाठी विदर्भाला ठरावांइतकीच अशा कादंबरीची गरज होती.

या प्रश्नाचे गांभीर्य आम्हांस रोज जाणवते. खेड्यांतून शिकावयास येणारी मुले वर्गात तोंड उघडण्यास कचरतात. घरची भाषा म्हणजे चुकीची भाषा, हे त्यांच्या मनावर शाळेपासून बिंबलेले असते. त्यांच्यासमोर 'धग' उघडली की त्यांच्या चेहऱ्यावर आधी संकोच दिसतो आणि मग एक वेगळीच ओळख उमटते. आपली आजी ज्या शब्दांत बोलते ते शब्द छापले जातात, त्यांवर परीक्षेत प्रश्न येतो, ही गोष्ट त्यांना नवी असते. एखाद्या साहित्यकृतीने याहून अधिक काय करावे!

आता शेळके यांच्या आयुष्यातील त्या दुसऱ्या तुकड्याकडे येऊ. 'शिळान'सारख्या कथासंग्रहातून आणि 'धग'मधून कीर्ती मिळाल्यावर त्यांनी अमरावतीत राहून लेखनावरच चरितार्थ चालविण्याचा मार्ग धरला. मराठीत हा निर्णय किती धाडसाचा होता, याची कल्पना आज करता येणे कठीण आहे. आमच्यासारख्या अध्यापकांना महिन्याच्या महिन्याला वेतन मिळते आणि फुरसतीच्या वेळात लिहिता येते. मराठीतील बहुसंख्य प्रतिष्ठित लेखक अशाच कोणत्या तरी नोकरीच्या आधारावर लिहीत आले आहेत. पाच-सात वर्षांतून एक कादंबरी लिहिण्याची चैन त्यांना परवडते. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती, तीही संपण्यास कित्येक वर्षे, आणि त्यावरचे मानधन, एवढ्यावर ज्याला घर चालवावयाचे आहे त्याने काय करावे? त्याने एकामागून एक पुस्तक लिहावे, दुसरा मार्ग नाही.

त्या काळी असे लिहिण्यास एक बाजारही तयार झाला होता. गावोगावच्या वाचनालयांना कादंबऱ्या हव्या असत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर मान्यताप्राप्त वाचनालयांना शासकीय अनुदान मिळू लागले आणि ग्रंथखरेदी नियमित होऊ लागली. वाचनालयाच्या वर्गणीदाराला दर आठवड्यास नवी गोष्ट लागे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, चंद्रकांत काकोडकरांच्या प्रणयप्रधान कादंबऱ्या यांवर पिढ्या वाढत होत्या. शेळके या बाजारात उतरले. 'डाळिंबाचे दाणे', 'अगतिका' अशी त्यांची पुस्तके वाचकांच्या हाती गेली. समीक्षकांनी हळूहळू त्यांच्याकडे पाठ फिरविली.

या पुस्तकांचा दर्जा 'धग'च्या बरोबरीचा आहे असा दावा आम्ही करणार नाही. घाईने केलेले काम घाईचेच असते. मुदतीत द्यावयाच्या कादंबरीला कौतिकच्या हिशेबासारखा बारकावा परवडत नाही. तेथे प्रसंगाला प्रसंग जोडून पुढे जावे लागते आणि वाचकाला धरून ठेवण्यासाठी चटकदार मसालाही लागतो. हे नुकसान खरे आहे. परंतु त्याचे खापर एकट्या लेखकावर फोडणे न्यायाचे नाही. प्रेमचंदांसारख्या लेखकालाही छापखान्याच्या तोट्यापायी १९३४ मध्ये मुंबईच्या चित्रपटसृष्टीत जाऊन पाहावे लागले. ते तेथे रमले नाहीत. जो समाज लेखकाला त्याच्या उत्तम पुस्तकावर जगू देत नाही, त्याने लेखकाच्या दुय्यम पुस्तकांविषयी नाके मुरडावीत, यात काही तरी खोट आहे. 'धग'मधील कौतिक ज्या अर्थशास्त्रात सापडली होती, त्याहून तिच्या लेखकाचे अर्थशास्त्र फारसे निराळे नव्हते. तिने दिवसाच्या मजुरीवर घर ओढले, त्यांनी पानांच्या मजुरीवर.

शिवाय दुसरीही एक बाजू आहे. गावातील वाचनालयातून कादंबरी नेणारा वाचक कोण होता? जिनिंगमधील कारकून, प्राथमिक शाळेचा गुरुजी, एस.टी.चा वाहक, दुपारी चूल आवरून बसणारी गृहिणी. घरी येणारे ते पहिले छापील पुस्तक असे आणि आजूबाजूस कोणी तरी ते वाचून दाखवी. पोथी आणि दंडार यांचा जोर ओसरत होता आणि दूरदर्शन अजून खेड्यात पोचावयाचे होते. या मधल्या काळात गोष्टीची भूक या कादंबऱ्यांनी भागविली. म्हातारीच्या कहाणीचा आणि कीर्तनातील आख्यानाचा वारसा काही अंशी या स्वस्त पुठ्ठ्याच्या पुस्तकांकडे आला होता. वाङ्मयाच्या इतिहासात वाचकांचाही इतिहास असावयास हवा असेल तर या पुस्तकांना त्यात जागा द्यावी लागेल.

शेळके यांनी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या जीवनावर 'खंजिरीचे बोल' ही चरित्रात्मक कादंबरीही लिहिली. आमच्या दृष्टीने ही केवळ योगायोगाची गोष्ट नाही. एका बाजूला ज्याने गाणे आणि गोष्ट यांच्या बळावर खेड्यापाड्यांतील माणूस हलविला तो संत, आणि दुसऱ्या बाजूला त्याच परिसरात गोष्टीवर जगू पाहणारा लेखक. एकाने श्रोत्यांकडून काही घेतले नाही, दुसऱ्याला घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. पण दोघांचाही समोर बसलेल्या माणसावर विश्वास होता. सांगितले तर तो ऐकेल आणि ऐकले तर त्याला कळेल, असा तो विश्वास होता.

१९९२ मध्ये उद्धव शेळके यांचे निधन झाले. त्यानंतर विदर्भातील ग्रामीण कादंबरी पुष्कळ पुढे गेली. कापसाच्या कास्तकाराचे कर्ज आणि त्याच्या आत्महत्या यांनी तिला नवे आणि भयंकर विषय दिले. वऱ्हाडी बोली कवितेत, कथेत, रंगमंचावर रुळली. तिचे शब्द कोशातही गेले. वर्ध्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९६९ मध्ये पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली झाले होते, २०२३ मध्ये ते न्या. नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठाचा आरंभ झाला.

अभिजाततेचा हा गौरव आम्हांसही सुखावतो. पण त्याचबरोबर एक अपेक्षा व्यक्त करणे आम्हांस आवश्यक वाटते. ज्या मुलखातील माणसांच्या तोंडच्या आठवणी टिपून 'लीळाचरित्र' झाले, त्या मुलखातील माणसांच्या आजच्या बोलण्याला आपण वर्गात चूक ठरवीत असू, तर सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचा अभिमान पोकळ ठरेल. उद्धव शेळके यांच्या शंभर कादंबऱ्यांतील कोणत्या टिकतील आणि कोणत्या काळाच्या ओघात जातील, याचा निवाडा वाचक करतील. बऱ्याचशा जातीलही. परंतु त्यांचा अभ्यास होण्यापूर्वीच त्या वाचनालयांच्या कपाटांतून रद्दीत जाऊ नयेत, एवढी तरतूद विद्यापीठांनी आणि जिल्हा ग्रंथालयांनी करावयास हवी. ज्याने शिंप्याच्या घरातील प्रत्येक पैचा हिशेब इतक्या निगुतीने लिहून ठेवला, त्याच्या स्वतःच्या लेखनाचा पुरता हिशेब मराठीने अजून मांडलेला नाही.